आतोबांचा फणस

लग्न भटजी लावतात असं सगळं जग मानतं. कॅसलरॉकच्या आसपासच्या पाच-सहा गावांत मात्र ते आमचे आतोबा पार पाडत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पोटापाण्यासाठी ते स्टेशनवर सांधेवाले होते, गाडी आली की रूळ जुळवून द्यायचे. पण त्यांचा जीव गुंतलेला असे तो अक्षता पडल्यानंतरच्या दुपारी. जेवणं झाली, वऱ्हाडाची गाडी संध्याकाळी, मधल्या वेळात पाहुण्यांना खेळवायचं काय? या प्रश्नावर त्यांनी जितका विचार केला तितका मुलीच्या बापानं स्थळ बघतानाही केला नसेल. हुतूतू त्यांनी कायमचा बंद केला, कारण एका लग्नात दोघांनी व्याह्यांच्या तंगड्या अशा धरल्या की व्याही लंगडतच गाडीत चढले. रस्सीखेचीत दोन बाजू होतात आणि लग्नात त्या आधीच असतात, म्हणून तीही बाद. कोड्यांत बहिऱ्यानं काय करायचं, फुगडीत म्हातारीनं काय करायचं? कुठलाही खेळ सुचवा, आतोबा डोळे मिटून मनातल्या मनात अख्ख्या मांडवाला फेरी मारत आणि मान हलवत. "ज्या खेळात एक बी मानूस नुस्तं बगत बसतंय, त्यो खेळच न्हवं," म्हणत.

शेवटी त्यांना फणस सापडला. भला थोरला फणस मांडवात ठेवायचा, आत आठळ्या किती ते प्रत्येकानं सांगायचं, आतोबा खडूनं तो आकडा फळीवर नावापुढे लिहिणार. मग गरे सगळ्यांनी खायचे आणि आपापल्या आठळ्या आणून सुपात टाकायच्या. दात नसलेल्यांना जमावं म्हणून पहिल्या खेपेला त्यांनी मऊ बरका फणस घेतला, तर एक आजोबा आठळीसकट गरा गिळून बसले, आणि ती आठळी धरायची की नाही यावर दिवस मावळेपर्यंत वाद झाला. तेव्हापासून घट्ट गऱ्यांचा कापाच, बोळक्या तोंडांसाठी आतोबा स्वतः विळीवर गरे बारीक चिरून देत. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून त्या आठळ्या चुलीत भाजत आणि सगळेच खात.

माझ्या ताईच्या लग्नात मात्र आमचं धाबं दणाणलं होतं. स्टेशनवर बैलगाडी उशिरा पोचली आणि नवऱ्या मुलाचे काका, खानापूरकडचे मोठे मानी गृहस्थ, तासभर आपल्याच ट्रंकेवर बसून राहिले. ते जेवले नाहीत. मांडवाबाहेर आंब्याखाली पाठ फिरवून बसले आणि निरोप धाडला, "आमी संध्याकाळच्या गाडीनं चाललाव. नवरीला न्यायचं मागनं कवातरी बगू." वडील दोनदा हात जोडून आले. ताई आत शालूत तोंड लपवून रडत होती.

आतोबांनी समजूत काढली नाही. केळीच्या पानावर गरे घेतले, काकांच्या शेजारी ठेवले आणि मुकाट्यानं परत आले. खाणं झालं, सुपात आठळ्या जमल्या, मोजल्या. एकशे चौदा. "झालं न्हाई," आतोबा मोठ्यानं म्हणाले, "अजून येनार हायत." मग अख्खा मांडव हाताचा चीक चोळत बसून राहिला. गाडीची वेळ जवळ येत चालली. आंब्याखालची पाठ काही हलेना. आणि मग काका उठले, तरातरा आत आले आणि सुपावर मूठ उघडली. आठ आठळ्या!

"आनि माजा आकडा?" ते कडाडले. "सगळ्यानला इच्यारलासा, मला इच्यारलासा काय?"

"चुकलंच वो काका. सांगा की," म्हणत आतोबांनी खडू उचलला.

"एकशे बावीस!"

मोजणी सगळी त्यांच्या कानांवर पडलेली. आतोबांनी चेहऱ्यावरची रेघही न हलवता आकडा लिहिला आणि काका जिंकल्याचं जाहीर केलं. आधी आत्या हसली, मग मांडव, मग काका स्वतः. संध्याकाळच्या गाडीनं ताई सासरी गेली ती पदरात भाजलेल्या आठळ्या बांधून. ते उपकार मी जन्मात विसरणार नाही.

आतोबा गेल्यानंतर घरात पहिलं लग्न झालं ते माझ्या धाकट्या भावाचं. फणस होता, फळी होती, खडू माझ्या हातात होता. काका काठी टेकत आले होते. म्हणाले, "आदी आतोबांचा आकडा लिव. कितीचा सांगायचे रे त्ये?"

मी आत्याकडे पाहिलं, आत्यानं माझ्याकडे. फणस निवडायचा, फोडायचा, चिरायचा, सगळ्यांचे आकडे लिहायचे. या गडबडीत आतोबा स्वतः कधी खेळलेच नव्हते, आणि आमच्यापैकी एकानंही त्यांना कधी विचारलं नव्हतं. मी फळीवर पहिलं नाव त्यांचं लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली.