पडजीभ उचलणारं बोट

नणंदेच्या तोंडातून फेस आला आणि तो गुलाबी होता. अंगावर हिरवी साडी, केसांत फुलांची वेणी, दंडावर फुलांचे बाजूबंद, मांडीवर ओटीचे तांदूळ. बायकांचं गाणं मधेच थांबलं. ती पाटावरून उठायला गेली, उठता आलं नाही. मग दोन्ही हात मागे टेकून, मान वर करून हवा ओढायला लागली. हवा आत जात नव्हती.

परदेशीपुऱ्यातल्या आमच्या चाळीतल्या खोलीत, भर दुपारी, तिचं सातव्या महिन्याचं डोहाळजेवण चाललं होतं. कुणी म्हणालं नजर लागली, आणि एक बाई मीठ-मिरच्या शोधायला लागली. कुणी म्हणालं तिला आडवी करा. दोघींनी तिला पाय आणि खांदे धरून निजवली तर तिचे ओठ जांभळे पडले आणि तिनं एकीच्या तोंडावर हात मारला. मी त्यांना बाजूला केलं आणि तिला परत बसवली. मला काही कळत होतं असं नाही. आडवी केली की ती मरायला लागते आणि बसवली की थोडी जगते, एवढं डोळ्यांना दिसत होतं.

आमचे हे मिलमध्ये पहिल्या पाळीला होते. चौकातून तांगा आणला. मागच्या बाजूला मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले, म्हणजे ती पडणार नाही. सासूबाई तिचे हात धरून समोर. तिची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई, तांगेवाल्याशेजारी. त्या सकाळच्या बसनं सिमरोलहून लाडवांची टोपली घेऊन आल्या होत्या. जावई बाहेर ओट्यावर बसले होते, ते कुणाचीतरी सायकल घेऊन मागे निघाले. रस्ताभर तिच्या पाठीची धडधड माझ्या पाठीला लागत होती.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सासूबाई पडजीभ उचलायच्या. घसा दुखतो, गिळवत नाही, म्हणजे घशात लोंबते ती पडजीभ खाली पडली, अशी समजूत होती. मग सासूबाई उजव्या हाताच्या बोटाला मीठ आणि चुलीतली राख लावायच्या, पोराचा जबडा डाव्या हातानं धरायच्या आणि बोट आत घालून ती वर दाबायच्या. पोर ओकारी काढायचं, रडायचं, आणि चार-सहा दिवसांत बरं व्हायचं. सगळी चाळ त्यांच्याकडे यायची, मराठी, मालवी, उत्तरेकडचे मिलवाले, सगळे. "अम्माजी का हाथ लगा कि घसा ठीक," असं म्हणायचे. सासऱ्यांचे आजोबा दरबारच्या फौजेत होते, सासरे मिलमध्ये लागले, पण घराण्याचा मान चाळीत टिकवला तो सासूबाईंच्या बोटानं.

त्यामुळे आमच्या घरात घसा दुखला म्हणून कुणी दवाखान्यात गेलं नाही. मिलकामगारांचा विमा दवाखाना जवळच होता, औषध फुकट होतं. पण ज्या बाईच्या दारात रांग लागते, तिच्या घरचं पोर दुसऱ्याच्या दारात कसं जाणार?

मी लग्न होऊन आले तेव्हा नणंद परकर-पोलक्यातली होती. एका खोलीत आम्ही सगळे एकमेकांना चिकटून झोपायचो. एकाला खोकला झाला की सगळ्यांना व्हायचा. दूध मुलांना मिळायचं, मुलींना चहा. तिचा घसा सारखा धरायचा. सासूबाई बोट घालायच्या, घसा उतरायचा. एका पावसाळ्यात घसा उतरल्यावर काही दिवसांनी तिला ताप भरला आणि दोन्ही गुडघे सुजले. ते उतरले तर घोटे सुजले. मग मनगटं. अंगावर चादर पडली तरी ओरडायची. मी विटा तापवून, फडक्यात गुंडाळून शेकायचे. सासूबाई म्हणाल्या, वाढीचं दुखणं आहे. सूज गेली, ती चालायला लागली, आम्ही विसरलो. पुढे जिना चढताना ती मधेच थांबायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो.

लग्नाचं बघायला लागले तेव्हा सासूबाईंनी सगळ्यांना बजावलं की त्या सुजेबद्दल कुणी तोंडातून काढायचं नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही. सगळेच तसं करायचे. माझा एक डोळा किंचित तिरळा आहे. माझ्या आईनं मला बघण्याच्या वेळी खाली मान घालून बसवली होती, आणि सासरच्यांनी मुलगी फार शालीन आहे म्हणून होकार दिला होता.

तर, मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्ही पोचलो. तिथली डॉक्टरीण तरुण होती, हिंदी बोलायची. तिनं नणंदेला आडवी केली नाही, बसवूनच ठेवली, तेव्हाच मला बरं वाटलं. नाकाला नळी लावली. छातीला यंत्र लावून ऐकलं, परत ऐकलं, मग मान हलवली. छातीत इतकी घरघर होती की तिला हृदयाचा आवाज धड ऐकू येत नव्हता. ती आम्हाला भराभर म्हणाली की हा दमा असेल तर इंजेक्शन वेगळं आणि हृदयाचं असेल तर वेगळं. एकाच्या जागी दुसरं दिलं तर हातची जाईल. मग तिनं सासूबाईंना विचारलं, "माँजी, बचपन में इसके घुटने-टखने सूजे थे कभी? बुखार के साथ?"

सासूबाईंनी विहीणबाईंकडे बघितलं. विहीणबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या.

"नहीं जी. एकदम ठणठणीत थी," सासूबाई म्हणाल्या.

"सूजे थे," मी म्हटलं. "दोनों घुटने. फिर टखने, फिर कलाई. पहले गला खराब हुआ था."

"पक्का?"

"मैंने ही सेके हैं."

डॉक्टरीण पुढं काही न विचारता वळली आणि नर्सला इंजेक्शनाचं नाव सांगितलं. सासूबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. तो काळानिळा डाग बरेच दिवस राहिला. आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर बाकावर सासूबाई, मी आणि पलीकडच्या टोकाला विहीणबाई. जावई भिंतीशी उभे. मग सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "घातलंस माझ्या लेकीचं घर चुलीत."

"घराचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी ती राहू दे."

त्यांची भीती खोटी नव्हती. दुखणाईत मुलगी गळ्यात बांधली म्हणून माहेरी आणून सोडलेल्या बायका आमच्याच चाळीत होत्या. लेक वाचली तरी परत येणार, आणि पोटातलं पोर घेऊन येणार, हे त्यांना समोर दिसत होतं. पण मला त्या वेळी फक्त ती घरघर ऐकू येत होती, दारातून. ती थांबेल अशी वाट बघत होते, आणि थांबली तर का थांबली असेल याचीही भीती वाटत होती.

ती हळूहळू कमी झाली. ऊन खिडकीतून निघून गेलं होतं तेव्हा नर्स बाहेर आली आणि म्हणाली, एकीनं आत या, ती बोलते आहे. मी गेले. नणंद उशांना टेकून बसली होती, घामानं निथळलेली, पण ओठांना रंग आला होता. मला बघून म्हणाली, "वहिनी, माझी वेणी कुठं गेली?"

तांग्यात पडली असेल, असं मी सांगितलं. ती म्हणाली, एवढी चांगली होती. मग तिनं चहा मागितला. मी बाहेर आले आणि सांगितलं की ती चहा मागते आहे. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी बाकावर बसले आणि पाठ भिंतीला टेकली, तांग्यात अख्खा रस्ता ती ताठ ठेवली होती.

विहीणबाई सरकून जवळ आल्या. आता काय ते ऐकायचं, म्हणून सासूबाई ताठ झाल्या.

"विहीणबाई," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आमच्या मुलाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी कान वाहायचा. आम्ही तेल टाकत राहिलो. तुम्हाला कुठं सांगितलं होतं?"

सासूबाईंनी मान वळवून जावयांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तरीच. मी म्हणायचे, जावई किती सोशिक आहेत. मी काही बोलले तरी उलटून उत्तर देत नाहीत."

"तुम्ही डावीकडं बसत असाल," विहीणबाई म्हणाल्या.

आधी मी हसले. मग त्या दोघीही, नको त्या ठिकाणी हसावं तशा, पदरात तोंड घालून. जावई भिंतीशी उभे राहून आमच्याकडे बघत होते. त्यांना काही ऐकू आलं नसावं.

माहेरी पाठवायचा विषय तिथेच संपला. विहीणबाईंनी तो कधी काढलाच नाही.

बाळंतपण होईपर्यंत नणंदेला दवाखान्यातच ठेवलं. मीठ बंद. अळणी भाजी बघून ती रडायची. विहीणबाई सिमरोलहून घरचं दूध पाठवायच्या. मुलगी झाली, लहानखुरी, पण आवाज खणखणीत. डॉक्टरणीनं आम्हाला सगळं समजावून सांगितलं. घसा सुजवणारे एक प्रकारचे जंतू असतात. घसा आपोआप उतरतो, पण त्यांच्याशी लढताना मुलांचं शरीर कधीकधी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उठतं. दाटीवाटीनं झोपणारी, खायला कमी मिळणारी मुलं त्यात जास्त सापडतात. सांधे बरे होतात, पण हृदयातली झडप आखडून राहते आणि वर्षानुवर्षं आखडत जाते. आमच्या ह्यांनी मला ते मिलच्या भाषेत सांगितलं. पाळी सुटल्यावर मोठं फाटक न उघडता नुसतं त्यातलं लहान दार उघडं ठेवलं तर मागे माणसं तुंबतील, तसं तिचं रक्त फुप्फुसात तुंबलं. पोटुशी बाईच्या अंगात रक्त वाढतं, म्हणून गर्दी त्याच वेळी झाली.

पुढच्या वर्षी तिला मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं. सासूबाई सोबत गेल्या. परत आल्या तेव्हा मी विचारलं, काय केलं नेमकं? त्यांनी तिथल्या डॉक्टरला खोदून विचारलं होतं. छाती एका बाजूनं उघडून, हृदयात बोट घालून, आखडलेली झडप बोटानंच मोकळी केली होती.

"म्हणजे त्यानंही बोटच घातलं," सासूबाई म्हणाल्या. "जरा खाली घातलं, एवढंच."

त्यानंतर दर तीन आठवड्यांनी तिला पेनिसिलीनचं इंजेक्शन, कितीतरी वर्षं. ते इतकं दुखायचं की त्या दिवशी ती लंगडत चालायची. सासूबाईंनी पडजीभ उचलणं सोडलं नाही. सोडतील असं मला वाटलंही नव्हतं. पण आता बोट साबणानं धुवून, मीठ लावून दाबलं की पोराच्या आईला सांगायच्या, आता इथून सरळ विमा दवाखान्यात जायचं, नाहीतर माझा हात लागू पडणार नाही. बायका ऐकायच्या. डॉक्टरनं सांगितलं असतं तर ऐकलं असतं की नाही, कुणास ठाऊक. माझ्या मुलींना मी चहा बंद करून दूध सुरू केलं, तेव्हाही सासूबाई काही बोलल्या नाहीत. घसा दुखला की मी मुलींना दवाखान्यात न्यायचे. पण जाण्याआधी आजीकडून बोट घालून घ्यावं लागायचं, त्यातून सुटका नव्हती.

मी चौथीपर्यंत शिकले. दमा आणि हृदय यातला फरक मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी मला विचारलेलं माहीत होतं, ते सांगितलं.

सासूबाई म्हातारपणानं गेल्या. विहीणबाई गेल्या. जावईही गेले. नणंद सुदामा नगरात मुलीकडं राहते. मधे तिची झडप बदलावी लागली, गोळ्या चालू आहेत, जिना अजून थांबत थांबत चढते आणि फुलांची वेणी मिळाली तर घालते. त्या दिवशी त्या तांग्यात बसलेल्यांपैकी आम्ही तिघी जिवंत आहोत: मी, नणंद आणि तिच्या पोटात होती ती.