ब्रेकमधले साठ ग्रॅम

आमच्या शेडमध्ये हल्ली दिवसभर भोकं पाडली जातात. नवरा आणि मुलगी मिळून शर्यतीची गाडी बनवताहेत. गाडी जितकी हलकी तितकी जास्त पळणार, म्हणून दिसेल त्या पट्टीवर ड्रिल चालतं. आज सकाळी चहा द्यायला गेले, तर बाकावर काढून ठेवलेल्या ब्रेकच्या पेडलमधून पलीकडची भिंत दिसत होती.

"अहो, माझ्या झाऱ्यालाही एवढी भोकं नाहीत. किती वजन वाचलं?"

"साठ ग्रॅम," हे अभिमानाने म्हणाले.

"आई, गाडी पळायला बनवलीय, थांबायला नाही," केतकी हसली. रविवारी तीच चालवणार आहे.

वेगासाठी काहीतरी जोडावं लागतं, असं मला वाटायचं. इथे तर नुसतं काढत जातात. कुठे हात आवरायचा, ते कोण ठरवतं?

मी पेडल उचललं, दोन विटांवर आडवं ठेवलं आणि त्यावर उभी राहिले. ते वाकलं नाही.

"झालं समाधान? उतर आता," केतकी म्हणाली.

मी तिथेच एक उडी मारली.