समुद्राआधीच जिरणारी वादी

अबुधाबीच्या खलिफा सिटीतून सकाळी निघालो तेव्हा माझे वडील, अप्पा, मागच्या सीटवर गप्प बसले होते. ते गावी कालव्यावर पाटकरी होते. शेताशेताला पाळीप्रमाणे पाणी सोडायचं, हीच त्यांची नोकरी. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि पाचव्या आठवड्यात म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून दे."

"इथे तुम्हाला काय कमी आहे?" मी तडकून बोलले होते. मला रात्रभर वाईट वाटत राहिलं, म्हणून ही सहल.

फुजैराहच्या अलीकडे वाळू संपते आणि डोंगर सुरू होतात. उघडेबोडके, विटांच्या भट्टीतून काढल्यासारखे. गाडी ठेवून आम्ही वादीत (डोंगरातल्या ओढ्याच्या पात्रात) उतरलो आणि थक्क झालो. दगडांच्या सांदीतून खरंच पाणी वाहत होतं, काठाला गुलाबी कण्हेर फुललेली. माझी चौदा वर्षांची रिया डोहात पाय सोडून बसली. बोटाएवढे मासे तिच्या टाचांना टोचू लागले.

"आजोबा, दे आर टिकलिंग मी!"

अप्पांनी पाण्यात एक काडी सोडली आणि ती किती वेगाने जाते ते निरखत राहिले.

पाण्याच्या कडेने खाली आलो तशा खजुराच्या बागा लागल्या. तिथून फलज जातो, म्हणजे ओढ्याचं पाणी बागांना पोचवणारा दगडी पाट. त्याच्या काठी सावलीत थालीपिठांची शिदोरी सोडली. सोबत दुकानातून घेतलेलं गार लबान (ताक). जेवण झाल्यावर अप्पा हात धुवायला उठले, ते परतलेच नाहीत.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. फोन लावला तर तो माझ्याच पिशवीत वाजला. डोंगरावर ढग जमले होते, आणि ढग दिसले की वादीत थांबू नका, अचानक पूर येतो, अशी पाटी आम्ही येताना वाचली होती. मी हाका मारत बागेभर पळाले. काल त्यांना असं बोलायला नको होतं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"मम्मा, लुक!" रियाने फलजकडे बोट केलं. मघाचं नितळ पाणी गढूळ येत होतं. वर कुणीतरी गाळ उपसत होतं.

पाट धरून आम्ही वर धावलो. बांधाजवळ अप्पा पायजमा गुडघ्यांवर खोचून पाण्यात उभे होते, हातात फावडं. शेजारी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ दगड बाजूला करत होते. ते दाद मोहम्मद, मूळचे बलुचिस्तानचे. या बागांचं पाणी तेच बघतात.

"बेटी, ये तेरे बाबा हैं? सुबह से पानी कम आ रहा था. इन्होंने देखते ही बताया, कहाँ अटका है."

मला रडू आलं. "अप्पा, सांगून तरी जायचं!"

"चुकलंच गं," ते ओशाळून म्हणाले, आणि लगेच, "यांच्याकडेही पाळी असते बरं का. बारी म्हणतात. भांडणंसुद्धा आपल्यासारखीच."

दाद मोहम्मदांनी सुलेमानी (बिनदुधाचा चहा) आणि खजूर पुढे केले. चहा पिताना अप्पा हळूच म्हणाले, "तुझ्याकडे काही कमी नाही, पोरी. पण गावात पाण्यावरून तंटा झाला की अजून मलाच बोलावतात."

"पुढच्या आठवड्याचं तिकीट बघते," मी म्हटलं. या वेळी राग नव्हता.

ढग तसेच डोंगरापलीकडे निघून गेले. परत निघताना वादीच्या सोबतीने समुद्राकडे उतरलो. बागा संपल्या, पात्र फाकलं, पाणी बारीक होत गेलं. हमरस्त्याच्या पुलाखाली तर नुसते कोरडे गोटे, आणि समुद्र समोर दिसत होता.

"व्हेअर डिड इट गो?" रिया हिरमुसली.

"खाली मुरलं, बाळा. विहिरींना गेलं," अप्पा म्हणाले. "बागा भिजल्या ना? मग पोचलंच की ते."

अबुधाबीपर्यंत ते रियाशी बोलत राहिले. तिला निम्मं कळलं असेल. इतकी वर्षं या देशात राहून मी समुद्र रोज पाहिला, नदी कधी शोधली नव्हती. आता कुणी विचारलं की इथे नदी आहे का, तर मी हो म्हणते. लहान आहे, पण पुरते.