टेकडीमागची सहा घरं

आमच्या पेणच्या मोजणीच्या ऑफिसात नकाशाचं काम करणाऱ्या बाई गडबहून येतात. संगणकावर टेकडी खरीखुरी उभी दिसते आणि तिच्यावरची घरं, गोठे निवडायचे असतात. आम्ही माउसने चौकट ओढून आतलं सगळं, टेकडीमागे लपलेलंही, एकदम उचलतो. बाई मात्र आधी टेकडी फिरवतात. "फिर गो बाय, पाठ दाखव," म्हणतात आणि मग एकेक घर टिपतात.

"टेकडीला नवरी समजलात काय?" मी चिडवायचो.

"नवरीची पाठ कोण बघतो, सायेब?"

रोह्याकडच्या रस्त्याच्या कामात मी घाईने चौकट ओढली आणि आतल्या सगळ्यावर 'गोठे, वस्ती नाही' अशी नोंद केली. टेकडीमागची कातकरीवाडीची सहा घरंही त्यात आली होती. नकाशा वर गेल्यावर बाईंच्या ते लक्षात आलं.

"सायेब, तिकडं माणसं ऱ्हातात. घरं जातील नि दुसरी जागाबी मिळायची नाय."

"आता गेला नकाशा. राहू द्या."

दुसऱ्या दिवशी दुरुस्त नकाशा घेऊन त्या मोठ्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "चूक माझ्याकडून झाली," म्हणाल्या. साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. मी शेजारी फाईल चाळत राहिलो.

बाहेर आल्यावर विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही भांडत बसला असता, सायेब. नकाशात ती घरं गोठेच ऱ्हायली असती."

मी खरंच भांडलो असतो.