मोलुईची सून

ओटिलिया डोंगरातली. वरच्या गावांत अळूचे कंद मोठे आणि माणसं अबोल, असं आम्ही किनाऱ्यावरचे लोक म्हणतो, आणि ते खोटं नाही. एमिलशी लग्न ठरलं तेव्हा ती कपाळावरून जाळीची पिशवी लटकवून नदीकाठाने खाली आली. पिशवीत कंदांचं बियाणं, एक कोयता आणि मिशनच्या शाळेत मिळालेला कंगवा. समुद्र तिने तोवर फक्त वरून पाहिला होता. जवळून पाहिल्यावर म्हणाली, फार आवाज करतो. त्यावर आमच्या लाउपेल गावातल्या बायका आठवडाभर हसत होत्या.

सासूने तिला स्वयंपाक शिकवला नाही की मळा दाखवला नाही. एकच गोष्ट बजावली: सासऱ्याचं नाव तोंडातून जाता कामा नये.

आमच्याकडे सासरच्या माणसाला तांबू म्हणतात, आणि जे करायचं नाही त्यालाही तांबूच म्हणतात. एकाच शब्दात काम भागतं. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, चुलत सासऱ्याचं घ्यायचं नाही, नणंदेचं, दिराचं घ्यायचं नाही, आणि त्यांनीही तिचं घ्यायचं नाही; दोन्हीकडून हाक एकच, तांबू. नाव घेऊन हाक परक्या माणसाला मारतात. इथवर सगळ्यांचं सारखंच. ओटिलियाची पंचाईत अशी की सासऱ्याचं नाव होतं मोलुई, आणि आमच्या बोलीत मोलुई म्हणजे विस्तव. आता सांगा, दिवसातून किती वेळा लागतो विस्तव? बिचारी विस्तवाला ‘चुलीतलं ते’ म्हणायची. शेजारणीकडे जायची आणि म्हणायची, “चुलीतलं ते थोडं द्या.” शेजारणी मुद्दाम भाजलेला कंद द्यायच्या, निरफणसाची फोड द्यायच्या, आणि ती मुकाट्याने घेऊन पुन्हा तेच मागायची.

एकदा तर कहरच झाला. वाऱ्याचे दिवस होते, स्वयंपाकाच्या झोपडीत ठिणगी उडून छपराला लागली. ओटिलिया धावत बाहेर आली. अंगणात नणंद अगाता पोरीच्या डोक्यातल्या उवा काढत बसली होती.

“तांबू, चुलीतलं ते छपरावर गेलंय.”

“मांजर असेल,” अगाता मान वर न करता म्हणाली. “उतरेल आपसूक.”

“मांजर नाही. चुलीतलं ते.”

“मग कंद उडाला का? काय बाई तुमच्या डोंगरातले कंद.”

धूर नाकात गेला तेव्हा अगाता उठली. तोवर अर्धं छप्पर खाक झालं होतं. म्हातारा मोलुई ओंडक्यावर बसून सुपारी चघळत सगळं बघत होता. लाल पिंक टाकून तो गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, “घर जळालं तर पुन्हा शाकारता येतं. अशी सून दुसरी आणता येत नाही.” ही गोष्ट त्याने मरेपर्यंत सांगितली. होडीने आलेल्या परक्या माणसांनाही सांगितली, ऐकायचं असो वा नसो.

अगाता आणि ओटिलिया त्या दिवसापासून जिवाभावाच्या झाल्या. एकीने कंद खणायचे, दुसरीने धुवायचे, आणि दोघींनी मिळून एमिलच्या नावाने बोटं मोडायची. एमिल वाईट नव्हता, आळशी होता. ओटिलियाला चार मुलं झाली, त्यांतला बोनिफास तेवढा जगला. मग सासू गेली, सासरा गेला, अंग सुजून एमिल गेला. प्रत्येक वेळी ती रडली, सुतक पाळलं, पुन्हा मळ्यात गेली.

बोनिफास गेला तेव्हा मात्र ती रडली नाही. प्रवाळाच्या पलीकडे मासे धरायला गेला होता, मोठ्या लाटेने होडीला तोलून धरणारी उलांडी मोडली. वाळूच्या पट्टीवर सापडला. गावातल्या बायका तिच्या दारात आक्रोश करायला जमल्या आणि ही आत त्यांच्यासाठी कंद शिजवत बसली. मीठ पुरेल का, एवढंच तिने अगाताला विचारलं. कुणी म्हणालं दगड आहे, कुणी म्हणालं डोंगरातली माणसं अशीच. लोकांना काय, आपलं रडणं दिसावं म्हणून रडणारेही पुष्कळ असतात. ओटिलियाला खरंच काही वाटत नव्हतं. हाताला चटका बसला तरी तिला उशिरा कळायचं. बोनिफासची बायको वर्ष सरायच्या आत शहराच्या बोटीत बसली, परत आली नाही. तेव्हाही ओटिलियाने नुसती मान हलवली. मागे राहिला लिनस, पाच वर्षांचा नातू. त्याला ती न्हाऊ घालायची, खाऊ घालायची, रात्री कुशीत घ्यायची. हात आपलं काम करायचे.

अशात एका सकाळी तिच्या मळ्यात लाल पानांची रोपं उगवली. उगवली कसली, लावली होती. लाल पानं लावणं म्हणजे ही जागा माझी, तू पाय ठेवू नकोस. नदीच्या वळणावरचा तो मळा, माती अशी की काठी खोचली तरी पालवी फुटावी. ओटिलियाने रोपं पाहिली, त्यांच्या भोवतीचंही तण काढलं आणि घरी आली. दोन दिवस कुणाला बोलली नाही. अगाताला कळलं ते भलत्याच बाईकडून.

“अगं, तुझ्या मळ्यात लुकासने लाल पानं लावली आणि तू त्यांची खुरपणी केलीस?”

“तण फार झालं होतं.”



लुकास म्हणजे एमिलच्या चुलतभावाचा मुलगा. चांगला धडधाकट, गोड बोलणारा, आणि दुसऱ्याच्या जमिनीकडे बघताना तर फारच गोड. त्याला तिथे कोको लावायचा होता. त्याचं म्हणणं, मळ्याच्या माथ्यावरचं गलिपचं झाड त्याच्या आज्याने लावलं. गलिपची गिरी आम्ही सणाला खातो, पण झाडाचं खरं काम वेगळं: ज्याने गलिप लावलं त्याच्या घराण्याची जमीन. आणि ते लावताना पाहिलेलं जिवंत माणूस आता एकच उरलं होतं. ओटिलिया नवरी होऊन आली त्याच दिवशी मोलुईने ते लावलं होतं. रोप तिने धरलं होतं.

गावाचा कौन्सिलर बेनेडिक याने रविवारच्या प्रार्थनेनंतर बैठक ठेवली. आदल्या संध्याकाळी अगाता सुपारी आणि चुना घेऊन आली, पण दोघींनी पिशवी उघडली नाही.

“साक्ष तोंडाने द्यावी लागते,” अगाता म्हणाली. “कुणी लावलं, त्याचं नाव घेऊन. दुसऱ्याने तुझ्या तोंडात नाव घातलेलं चालत नाही.”

“माहीत आहे.”

“नाव घेतलंस तर मळा आमच्या घराचा ठरेल, म्हणजे लिनसचा. पण मग तू सून राहणार नाहीस. तुला या गावात चूल मांडता येणार नाही. पोरगं आमच्या रक्ताचं, ते माझ्याकडे राहील.”

“आणि नाही घेतलं तर?”

“तर तू इथेच राहशील. आपण दोघी आहोत तशाच राहू. आणि लिनस मोठा होऊन लुकासच्या कोकोत मजुरी करील.” अगाताने सुपारीची पिशवी बाजूला सारली. “मी तुला काही सांगणार नाही, तांबू. मला विचारूच नकोस.”

ओटिलियाने विचारलं नाही. झोपलेल्या पोराच्या पायावरचा डास तिने मारला आणि म्हणाली, “उद्यासाठी लिनसचा सदरा धुतलेला नाही.”

बैठक निरफणसाखाली भरली. सगळं गाव आलं होतं. फुकटचा तमाशा कोण सोडतो? लुकास बोलला, छान बोलला. मग बेनेडिकने ओटिलियाला पुढे बोलावलं.

“मळ्याच्या माथ्यावरचं गलिप कुणी लावलं?”

“आमच्या घरच्या म्हाताऱ्याने,” ती म्हणाली. “मी रोप धरलं होतं.”

“कुठला म्हातारा?” लुकास बसल्या जागेवरून म्हणाला. “माझा आजाही म्हातारा होऊनच मेला. आणि आमची घरं तेव्हा एकच होती.”

लोक हसले. बेनेडिकने हात वर केला.

“चुलीत जे असतं,” ओटिलिया म्हणाली, “त्याचं जे नाव, तेच त्यांचं.”

आता हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. चाळीस वर्षं हसले होते ना त्यावर. पण लुकास काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याच्या आज्याचं नाव होतं आवुल, आणि आवुल म्हणजे राख. दोघे चुलतभाऊ एकाच वर्षी जन्मले, म्हणून घरातल्या कुणीतरी हौसेने विस्तव आणि राख अशी नावं ठेवली होती. कुणाची हौस आणि कुणाला भोवते बघा.

“चुलीत राख पण असते,” लुकास म्हणाला.

“गरम असतं ते.”

“राख सकाळपर्यंत गरम असते, काकी.”

“राख नाही,” असं तिला म्हणता आलं असतं तर काम झालं असतं. पण आवुल चुलत सासरा, त्याचंही नाव तांबू. तिने आयुष्यभर राखेलाही ‘करडं’ म्हटलं होतं.

“बाई,” बेनेडिक खाली बघत म्हणाला. त्यालाही ते बरं वाटत नव्हतं. “कानांनी नाव ऐकायला हवं. नाहीतर मला लाल पानं तिथेच ठेवावी लागतील.”

ओटिलियाने समोर पाहिलं. अगाता बायकांत बसली होती, लिनस तिच्या मांडीवर पेंगत होता, सदरा मळका होता. ओटिलियाला भीती वाटली नाही, लाज वाटली नाही. काहीतरी वाटायला हवं, एवढं मात्र तिच्या मनात आलं.

“मोलुईने लावलं,” ती म्हणाली. मीठ मागावं तशा आवाजात. “मी रोप धरलं, मोलुईने हातांनी माती लोटली. मोलुई म्हणाला, घट्ट धर.”

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या बायकांनी तोंडं फिरवली. एकीने आपल्या नातवाचे कान झाकले, फार उशिरा. ओटिलियाला नवल वाटलं ते एवढंच की नाव किती लहान होतं.

“झालं,” बेनेडिक म्हणाला. “गलिप मोलुईचं. मळा मोलुईच्या घराचा, तो लिनसला जाईल. मोठा होईपर्यंत अगाताचं घर बघेल. लुकास, तुझी पानं काढ.”

लुकास उठला. “काढतो. पण ही आता त्या घराची कोण?”

“कुणी नाही,” बेनेडिक म्हणाला. “ते तिलाही माहीत आहे.”

लोक उठले आणि तिच्यापासून लांबून, वळसा घालून गेले. ज्यांना तिने बाळंतपणात धरलं होतं त्या बायकाही गेल्या. ओटिलिया घरी आली. तिने भांडी पालथी घातली, पोराचे कपडे घडी करून फळीवर ठेवले, मळका सदरा धुऊन दोरीवर टाकला. कोयता आणि बियाण्याचे चार कंद पिशवीत भरले. डोंगरातल्या तिच्या गावात तिला ओळखणारं कोण उरलं होतं देव जाणे. भाऊ कधीच वारला होता. वाटेत नदीला पाणी असेल की नसेल, याचा ती विचार करत होती. पोराचा विचार करून पाहिला, तर तिथे नुसतं पांढरं होतं.

पिशवीचा पट्टा कपाळावर चढवत होती तेव्हा अंगणात पावलं वाजली. अगाता आली होती. लिनस तिच्या कडेवर झोपला होता. दुसऱ्या हातात केळीच्या पानात बांधलेले भाजलेले कंद होते. ते तिने पायरीवर ठेवले. हातात दिले नाहीत.

“ओटिलिया,” ती म्हणाली, “ऊन उतरायच्या आत नदी ओलांड.”

आणि हे मात्र लागलं. चार मुलं मातीत गेली, त्यांतल्या शेवटच्याच्या वेळी जे कुठे दडून बसलं होतं, ते सगळं एकदम छातीत आलं आणि तिला पायरीवर बसावं लागलं. अगाताचे डोळे सुजले होते, पण ती जागची हलली नाही. कडेवरच्या पोराने झोपेत कूस बदलली.

“पाय धुऊन झोपवत जा त्याला,” ओटिलिया म्हणाली. “नाहीतर रात्री खाजवतो. ऐकलंस का, तांबू?”

अगाताने ऐकलं होतं. पण तांबू म्हणून तिने ओ दिली नाही.