पहिल्याच चावीला

मला एका ठरावीक मॉडेलची जुनी गाडी घ्यायची होती. मोबाईलवरचे अभिप्राय सगळे नव्यानंच गाडी घेतलेल्यांचे होते. पुढं ती कशी टिकते, ते कुणीच लिहिलं नव्हतं. हुमनाबादच्या धाब्यावर तसलीच, बरीच वापरलेली गाडी दिसली. एक म्हातारे गृहस्थ तिची ड्रायव्हरशेजारची सीट पंच्यानं सावकाश पुसत होते.

"अप्पा, गाडी कशी हाय?" मी विचारलं.

"कामून, घ्यायलाव का? चांगली हाय. बायकोला घेऊन सोलापूरच्या दवाखान्याला लई येळा गेलो. कधी रस्त्यात बंद पडली न्हाई."

"आता बऱ्या हायत का त्या?"

त्यांनी पंच्याची घडी घातली. "गेली. गाडीत खोट न्हाई. तिनं दुखणं अंगावर काढलं, आम्हीच उशिरा निघालो."

ते आत बसले. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली.