गॅस्केटला पत्रक चालत नाही

आमच्या सोसायटीचं गवत कापायचं मशीन सुरू व्हायचं, पण एका सुरात चालायचं नाही. एकदम जोर करायचं, मग आवाज खाली खाली जायचा, आता बंद पडणार असं वाटायचं आणि तेवढ्यात ते दचकून पुन्हा गुरगुरायला लागायचं. सभेत डुलक्या घेणारा माणूस टाळ्यांच्या आवाजाने जागा होतो आणि घाईघाईने स्वतःही टाळ्या वाजवतो, तसं. बाबांचं बोट धरून मी बडोद्यातल्या इतक्या सभांना बसले आहे, की तो प्रकार मला लगेच ओळखू आला.

सोसायटीच्या प्रमुखांना, म्हणजे आमच्या प्रमुखकाकांना, मात्र हा आवाज फार आवडायचा. मशीन अडखळलं की ते गॅलरीत येऊन उभे राहायचे.

“सांभळ्युं?” ऐकलंत का, असं ते खालच्या बायकांना विचारायचे. “मशीन तो गयुं. हवे लॉन पण जशे.”

मशीन गेलं, आता लॉनही जाणार, हे ते इतक्या आनंदाने सांगायचे की जणू घरात लग्न ठरलंय. त्यांना लॉनच्या जागी सिमेंटचे ब्लॉक बसवून गाड्या लावायच्या होत्या. माळी दुसरीकडे कामाला लागला होता. अलकापुरीतल्या दुकानदाराने ‘आता नवीनच घ्या’ असं सांगून मशीन परत पाठवलं होतं. मग काकांनी रविवारी मिटिंग बोलावली आणि घरोघरी ब्लॉकवाल्या कंपनीचं गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक वाटलं. मुखपृष्ठावर एक कुटुंब ब्लॉकवर उभं राहून आकाशाकडे बघत हसत होतं. खाली बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून असेल.

त्या लॉनवर रोज संध्याकाळी माझी आई बसते. ती आणि शेजारच्या पाचसहा बायका. तुवेर, म्हणजे ओली तूर, सोलतात, मेथी निवडतात, निम्मं मराठीत आणि निम्मं गुजरातीत आमच्या सगळ्या गोत्री भागाची खबर घेतात. आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून घराबाहेर तिची तेवढी एकच जागा उरली आहे. ब्लॉक बसले, गाड्या आल्या, की त्या बायका आपापल्या घरी टीव्हीपुढे. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पत्रक लिहिलं.

आमच्या घरात पत्रकच लिहितात. बाबा शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. तोडलेल्या झाडांवर, गढूळ पाण्यावर, शाळेच्या फीवर. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवर. वाटून उरलेली पत्रकं घरात कुठेही दिसतील: फडताळात डब्यांखाली, माझ्या वह्यांना कव्हर म्हणून, वाळत घातलेल्या पापडांखाली, डगमगत्या टेबलाच्या पायाखाली. आमच्याकडे काहीही अडलं की हात आपोआप त्या गठ्ठ्याकडे जातो.

माझ्या पत्रकाचं शीर्षक होतं, ‘गवत हे आपलं आहे!!!’ ते वाटताना प्रमुखकाका भेटले.

“बेटा, सरस लिहिलंय,” ते म्हणाले. “पण गवत कापणार कशानं? पत्रकानं?”

माझं डोकं फिरलं. “रविवारी तुमच्या मिटिंगमध्ये हेच मशीन सगळ्यांसमोर एका सुरात चालवून दाखवते. चाललं तर ब्लॉक रद्द.”

“अने ना चाले तो?”

“तर पहिला ब्लॉक मी स्वतःच्या हातानं बसवीन.”

संध्याकाळी आईला ही बातमी तिच्या मैत्रिणींकडून कळली. “पैज लावलीस ती लावलीस,” ती म्हणाली, “पण माझ्या बसायच्या जागेवर?”

मशीन आम्ही आमच्या मागच्या ओट्यावर आणलं. बाबांना इंजिनातलं फार कळत नाही, पण त्यांनी आयुष्यभर जुनी स्कूटर सोडली नाही, त्यामुळे अनुभव दांडगा. आधी टाकीतलं शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं. फरक नाही. हवेची जाळी धुतली. फरक नाही. मग बाबांनी चोक अर्धा ओढला आणि इंजिन एकदम शहाण्यासारखं चालायला लागलं.

“म्हणजे याला पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर हवा जास्त होतेय,” बाबा म्हणाले. “चोकनं हवा अडवली की बरं वाटतंय त्याला.”

“मग झालं की,” आई दारातून म्हणाली. “रविवारी अर्धा चोक ओढून ठेवा. मिटिंग कितीशी चालते?”

“आई, ही फसवणूक आहे!”

“तुझ्या पत्रकात ‘आहे’ या शब्दापुढे तीन उद्गारचिन्हं आहेत. ती काय आहेत?”

“ती भावना आहे.”

“मग हा चोकही भावनाच समज.”

मी ऐकलं नाही. चोक ओढून जिंकायचं तर ब्लॉकवाल्यांच्या त्या हसऱ्या कुटुंबात आणि माझ्यात फरक काय राहिला? आम्ही कार्ब्युरेटर काढला. त्याच्या आत पेट्रोल जाण्याचं जे बारीक भोक असतं, त्यात राळेसारखा चिकटा बसला होता. बाबांनी वायर सोलून तांब्याच्या एका तारेने भोक साफ केलं आणि उजेडाकडे धरून मला दाखवलं. पलीकडचं पेरूचं झाड दिसलं. आम्ही दोघं अगदी खूश झालो.

पण काढताना कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट फाटलं होतं. गॅस्केट म्हणजे दोन भागांच्या फटीतून हवा शिरू नये म्हणून मध्ये बसवलेला जाड कागद. बाबांनी मान वळवलीसुद्धा नाही. मागे हात करून गठ्ठ्यातलं पत्रक ओढलं. माझंच निघालं. त्यावर जुनं गॅस्केट ठेवून पेन्सिल फिरवली, कात्रीने कापलं, बसवलं, बोल्ट आवळले. माझं लेखन पहिल्यांदाच कुठेतरी घट्ट बसत होतं.

दोरी ओढली. मशीन आधीपेक्षा वाईट चाललं. पूर्वी डुलक्या घेणारा माणूस आता झोपेत बडबडायला लागला.

“भोक नीट साफ झालं नसेल,” मी म्हणाले. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा साफ केलं, फाटलं म्हणून पुन्हा नवं पत्रक कापलं. पुन्हा तेच. वरून प्रमुखकाकांचा आवाज आला, “बेन, ब्लॉक कोणत्या रंगाचा बसवशील? लाल पण मिळतो!”

मी इंजिनाला शिव्या दिल्या, मग भांडवलशाहीला दिल्या. आई तिच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी घेऊन बाहेर आली.

“माझ्या मशीनला कुरकुर झाली की मी एकेका जागी तेल सोडून बघते,” ती म्हणाली. “शिव्या देत नाही.”

इंजिन चालू असताना तिने लांब नळीने थेंब सोडायला सुरुवात केली. इकडे काही नाही, तिकडे काही नाही. गॅस्केटच्या कडेवर थेंब पडला आणि आवाज क्षणभर सरळ झाला. तेल आत ओढलं गेलं, आवाज पुन्हा डुलायला लागला. पुन्हा थेंब, पुन्हा सरळ.

“इथून हवा जातेय,” आई म्हणाली. “काय घातलंयत इथे?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पेरूकडे बघितलं. बोल्ट काढले तर ‘गवत हे आपलं’ पेट्रोलने भिजून लगदा झाला होता. आम्ही पत्रकासाठी नेहमी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात पातळ कागद घेतो. त्याचा बाबांना फार अभिमान आहे.

“जाड कागद हवा,” बाबा म्हणाले. “गुळगुळीत. पेट्रोल न शोषणारा.”

आमच्या घरात तसा कागद असण्याचं कारणच नव्हतं. तेवढ्यात मला आठवलं. आईने रंगीत माहितीपत्रक फेकलं नव्हतं, त्यावर लसूण ठेवला होता. मी लसूण बाजूला केला. आकाशाकडे बघत हसणाऱ्या त्या कुटुंबाच्या मधोमध एक गोल भोक आणि दोन्ही बाजूंना बोल्टांची भोकं पाडताना मला जो आनंद झाला, तो माझ्या तत्त्वांत बसतो की नाही याचा मी विचार केला नाही.

रविवारी सगळे लॉनभोवती जमले. मी दोरी ओढली. मशीन चाललं, एका सुरात, एकाच पट्टीत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. प्रमुखकाका मात्र सरळ मशीनपाशी आले आणि वाकले.

“चोक ओढ्यो छे ने?” त्यांनी विचारलं. चोक ओढलाय ना?

मी बाजूला सरकले. त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं. चोक पूर्ण उघडा होता. मी आईकडे पाहिलं. ती अगदी लक्ष देऊन मेथी निवडत होती.

“मग केलं काय?” काकांनी विचारलं.

खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगायची इतकी चांगली संधी पुन्हा आली नसती. “तुमच्या ब्लॉकचं माहितीपत्रक आत बसवलंय, काका. माझं पत्रक टिकलं नाही. तुमचा कागद फार चांगला आहे.”

सगळी सोसायटी हसली. काकाही हसले, थोडं उशिरा. ब्लॉकच्या बाजूने हात वर करायला सांगितल्यावर एकही हात वर आला नाही; त्यांचा स्वतःचा हातही अर्ध्यावर जाऊन डोकं खाजवायला वळला.

“सारूं, लॉन राहिलं,” ते म्हणाले. “पण माळी तो गयो. कापणार कोण?”

आईने मेथीतून मान वर केली. “ती कापेल. लिहून दिलंय तिनं, गवत आपलं आहे म्हणून. तीन उद्गारचिन्हं घालून.”

तेव्हापासून रविवारी मी गवत कापते. बायका उठत नाहीत, नुसते पाय जवळ घेतात आणि ‘इथं जरा बारीक काप गं’ असं सांगतात. मशीन कुठे जरासं अडखळलं, की मी आधी वर बघते. प्रमुखकाका गॅलरीत आलेले असतात, एक कान खाली लावून.